बसल्या जागेची थंडी

बेळगावात स्वेटर वर्षातून दोनदा ट्रंकेतून बाहेर निघतो. डिसेंबरात निघतो, तो सगळीकडेच निघतो. दुसऱ्यांदा निघतो जुलैत. खानापूर-जांबोटीकडून येणारा पाऊस आठ-आठ दिवस उघडीप देत नाही, भरदुपारीही पारा पंचविशीच्या आसपास रेंगाळतो आणि दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतात. अशा वेळी इथल्या घराघरांत म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर स्वेटर आणि पायांवर वाकळ येते. म्हणजे गारठा आपल्याला नवा नाही. तरीही मुंबईहून किंवा गोव्याच्या मुरगाव बंदरातून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं निघाली की बॅगेत सुती सदरे, हाफ पँट, पोहण्याचे कपडे, गॉगल असं सगळं भरलं जातं आणि स्वेटर ट्रंकेतच राहतो. समुद्रावर कसली आलीय थंडी, असं घरातलं कुणीतरी म्हणतंच, आणि समुद्राविषयी ते चुकीचंही नसतं. चूक एवढीच की क्रूझवरचा बराचसा वेळ समुद्रावर जात नाही. तो जातो एसी दालनांत, खुर्चीवर, तासन् तास.

आपल्याकडची थंडी उठत्या-बसत्या माणसाची आहे. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायचं, दूध आणायला चालत जायचं, दहा वाजता अंगणात ऊन आलं की पाठ शेकायची. शरीर हलत असतं आणि थंडीही दिवसाबरोबर सरकत असते. जहाजावर सकाळी नाश्ता अर्धा-पाऊण तास, दुपारी कसला तरी खेळ किंवा गाणं तासभर, रात्रीचं जेवण दीड तास, त्यानंतर थिएटरातला कार्यक्रम. बसण्याचे तास मोजले तर सहज पाच-सहा भरतात, आणि त्या सगळ्या वेळात हवा एकाच तापमानाची. म्हणून मी म्हणेन की बॅग भरताना महिना कोणता आहे, अरबी समुद्रावर हवामान कसं आहे, हे दुय्यम समजा. आधी बसण्याचे तास मोजा.

आता जहाजाची हवा एवढी गार का ठेवतात? चैन म्हणून नाही. समुद्रावरची हवा दमट असते. तीस अंशांची, पंचाहत्तर टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी गळू लागतं तो अंश, पंचवीसजवळ येतो. ही हवा नुसती थोडी गार करून आत सोडली तर आतलं सगळं चिकट, दमट होईल, गालिचे कुबट होतील, भिंतींवर पाणी धरेल. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तेच तत्त्व इथे कामाला लावलेलं असतं. थंडगार पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेतात, ती साधारण बारा-तेरा अंशांपर्यंत उतरवतात, तिच्यातलं पाणी नळ्यांवर गळून पडतं आणि कोरडी झालेली हवा दालनांत सोडतात. हवा कोरडी करायची तर आधी ती खूप गार करावीच लागते. त्यामुळे छताच्या जाळीतून जी हवा बाहेर पडते ती दालनाच्या सरासरी तापमानापेक्षा कितीतरी गार असते, आणि जाळीच्या थेट खाली बसलेल्या माणसाला ती पूर्ण मिसळण्याआधीच मिळते.

दुसरं कारण गर्दीचं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. आठशे माणसं थिएटरात बसली की ऐंशी किलोवॅटची शेगडी पेटल्यासारखं होतं. यंत्रणा त्या भरलेल्या थिएटरासाठी बेतलेली असते आणि खेळ सुरू होण्याआधीच दालन गार करून ठेवावं लागतं. म्हणून जागा पकडायला अर्धा तास आधी गेलेल्यांना थंडी सर्वांत जास्त वाजते. दालन भरलं की ती जराशी कमी होते. आपले लोक तर लग्नाच्या पंगतीलाही आधी जाऊन जागा धरणारे. त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तिसरी गोष्ट वाढप्यांची. तेच दालन, तीच हवा, पण वाढणारे लोक पूर्ण बाह्यांच्या जाकिटात असूनही त्यांना बरं वाटत असतं. कारण चालणारा माणूस बसलेल्याच्या अडीचपट उष्णता तयार करतो. थंडी हवेत जेवढी असते तेवढीच आपल्या स्वस्थ बसण्यात असते.

किती कपडे पुरतील ह्याचा हिशोब करता येतो, आणि तो बॅग भरण्याआधी एकदा तरी करावा. कपड्यांची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे, 1941 मध्ये संशोधकांनी सुचवलेलं. त्याची व्याख्याच आपल्या कामाची आहे. एकवीस अंशांच्या, वारा जवळजवळ नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना गार ना गरम वाटायला जेवढी ऊब लागते, ती एक क्लो. जहाजावरच्या सार्वजनिक दालनांत तापमान साधारण वीस ते तेवीसच्या मधे असतं. म्हणजे आपल्याला गाठायचाय तो आकडा एक.

आता बेरीज करा. चड्डी 0.03, बनियन 0.04, अर्ध्या बाह्यांचा शर्ट 0.15, पातळ पँट 0.20, पातळ तळव्याचं पायताण 0.02. एकूण 0.44. क्रूझवर जाणारा बहुतेक पुरुष ह्याच वेषात रात्री जेवायला उतरतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी ऊब घेऊन. हाफ पँट असेल तर पँटचे 0.20 जाऊन 0.06 च उरतात. आता दुसरी बेरीज. चड्डी-बनियन तेच, 0.07. पूर्ण बाह्यांचा नेहमीचा शर्ट 0.25. नेहमीच्या जाडीची पँट 0.25. जाड सॉक्स 0.05, जाड तळव्याचे बूट 0.04. झाले 0.66. त्यावर पातळ स्वेटर 0.20. झाले 0.86. थिएटरातली गादीची खुर्ची स्वतः पाठीकडून आणि मांड्यांखालून साधारण 0.15 ची भर घालते. म्हणजे 1.01.

ह्या बेरजेतून मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली, जाड जॅकेट लागत नाही. पातळ स्वेटर पुरतो, फक्त त्याच्याखालचे बाकीचे कपडे पूर्ण हवेत. दुसरी, निम्मं काम बाह्या, पँट आणि पाय करतात. लोक हाफ पँटीवर जाड जर्किन घालतात आणि तरीही कुडकुडतात, ते पायांकडून सगळी ऊब निघून जाते म्हणून. वरून कितीही चढवलं तरी खालची गळती थांबत नाही. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या खुर्चीवर बसायचं असेल तर खुर्चीची भर धरू नका; तिथे मांडीवर शाल घ्या.

हे सगळं वारा नसताना. छताच्या जाळीखाली मात्र गणित बिघडतं, आणि का बिघडतं ते समजून घेण्यासारखं आहे. स्वेटरची ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या धाग्यांमधे अडकलेल्या हवेत असते. सैल विणीच्या, मोठ्या भोकांच्या स्वेटरमधून वारा आरपार गेला की ती अडकलेली हवाच पळते आणि स्वेटर अंगावर असून नसल्यासारखा होतो. हातविणीचे दोन सुयांवरचे सुंदर स्वेटर नेमके इथे फसतात. त्यावर घट्ट विणीचं काहीतरी हवं. एक साधी शाल, अगदी सुती असली तरी घट्ट विणलेली, वारा अडवते आणि आतला स्वेटर पुन्हा कामाला लागतो. पावसाळ्यात स्कूटरवर घालतो तो विंडचीटरही हे करतो, पण थिएटरात त्याचा सळसळाट शेजाऱ्याला त्रास देतो. आत शाल, बाहेर विंडचीटर, अशी वाटणी करावी. आणि स्वेटर फार घट्टही नसावा. अंगाला आवळून बसलेला स्वेटर आतली हवा दाबून टाकतो आणि कमी ऊब देतो. शर्टावरून घातल्यावर काखेत बोटं सहज जातील इतपत सैल बरा.

जाळी कुठे आहे हे बसण्याआधी वर बघून ठरवा. छतात लांबट फटी असतात किंवा गोल जाळ्या असतात. कळलं नाही तर हातरुमालाचं टोक किंवा कागदी नॅपकिनची पट्टी हवेत धरा, ती कुठे हलते ते दिसतं. काही थिएटरांत गार हवा सीटांखालून सोडलेली असते. तिथे घोटे गारठतात आणि वर बघून काही सापडत नाही. थिएटराला वरचा मजला असेल तर तिथे बसा, गरम हवा वर चढते आणि दोघा-चौघांच्या सांध्यांना तेवढा फरकही पुरतो.

साडीचं वेगळं लिहायला हवं, कारण सामान भरण्याचे सगळे सल्ले शर्ट-पँट धरून दिलेले असतात आणि आपल्या सीमाभागातल्या आजी-मावश्या-आक्का क्रूझवरही साडीच नेसणार. नेसावीच. थंडीच्या हिशोबाने साडी फार गुणी आहे, फक्त तिची ऊब एकसारखी वाटलेली नाही. निऱ्यांमुळे पायांवर चार-पाच-सहा थर येतात, त्याखाली सुती परकर. इतकी ऊब साधी पँट देत नाही. उघडं राहतं ते वर: दंड, ब्लाउज आणि कमरेमधला पाठीचा पट्टा, आणि एका बाजूचा खांदा. गार हवा वरून खाली येते आणि नेमकी तिथेच लागते. पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला की अर्धं काम होतं. ही पद्धत आपल्या आज्यांनी कुणाला विचारून ठरवली नव्हती.

उरलेलं अर्धं काम ब्लाउजचं. प्रवासासाठी दोन ब्लाउज मनगटापर्यंत बाह्यांचे, पाठ पूर्ण झाकणारे आणि उंचीला नेहमीपेक्षा दोन इंच जास्त शिवून घ्या. ब्लाउजखाली पातळ थर्मल घालायचा बेत असेल तर तो आधी घरी घालून बघा. ब्लाउज अंगाबरोबर शिवलेला असतो, आत थर्मल गेला की हुक लागत नाहीत किंवा बगलेत काचतं. शिंप्याने आत माया ठेवलेली असेल तर दोन्ही बाजूंनी थोडी उसवून घेता येते. नसेल तर थर्मलचा नाद सोडून वरून घ्यायच्या पुढून उघड्या स्वेटरवर भर द्या. परकर सुतीच घ्या. सॅटिनचा परकर सुळसुळीत बसतो म्हणून सिंथेटिक साडीखाली आवडतो, पण तो अंगाला गार लागतो. सुती परकराखाली घोट्यापर्यंतची लेगिंग घातली की पायांचा प्रश्नच उरत नाही.

कुठली साडी? जॉर्जेट, शिफॉन वजनाला हलक्या आणि इस्त्री न लागणाऱ्या, म्हणून लोक त्याच भरतात. दिवसा चालतील. रात्रीच्या जेवणाला आणि थिएटराला इरकल न्या. दाट पोताची, रेशमी पदराची इरकल खांद्यांवर लपेटली की तीच शाल होते, आणि जहाजावर जी एखादी रात्र नटून-थटून जेवायला जाण्याची असते तिला ती शोभूनही दिसते. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या सुती-रेशमी साड्याही ह्याच कामाच्या. खणाच्या चोळीचा मोह होईल. ती समोर गाठ मारायची आखूड चोळी असेल तर पोट-पाठ उघडी पडते. खणाचंच लांब ब्लाउज शिवून घ्यावं.

स्वेटर निवडताना तो लोकरीचा आहे की नाही हे आधी कळायला हवं. हिवाळ्यात गावोगावी तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, तिथला बहुतेक माल अॅक्रिलिकचा असतो. अॅक्रिलिक वाईट नाही. धुवायला सोपं, स्वस्त, कसर न लागणारं. पण माणूस डेकवरून घामेजून आत आला की अॅक्रिलिक तो ओलावा शोषून घेत नाही, तो अंगाला चिकटून गार पडतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. उन्हातून एसीत, एसीतून उन्हात असं दिवसातून दहा वेळा होणाऱ्या जागी हा फरक मोठा आहे. ओळखायचं असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि काळा टणक मणी उरतो.

पुढून बटणं किंवा चेन असलेला स्वेटरच घ्या. डोक्यातून घालायचा स्वेटर जेवणाच्या टेबलावर काढता येत नाही, केस विस्कटतात, चष्मा अडकतो, आणि मग माणूस काढायचा कंटाळा करतो, घामेजतो, नंतर गारठतो. घोंगडी नेऊ नका. धनगरी घोंगडी पावसात आणि रानात जे काम करते ते दुसरं कुठलंच पांघरूण करत नाही, पण ती किलोंमध्ये भरते, दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, आणि केबिनमधे पांघरूण मिळतंच.

डांबरगोळ्यांचा वास हा आपल्याकडचा खास प्रश्न. ट्रंकेतून काढलेला स्वेटर थेट बॅगेत गेला की त्या वासाने बाकीचे कपडेही भरतात, आणि केबिन म्हणजे खिडकी न उघडणारी लहानशी खोली. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी स्वेटर, शाली काढून सावलीत वाऱ्यावर टांगा. पावसाळा असेल आणि वारा दमट असेल तर पंख्याखाली पसरा. धुवायचाच झाला तर कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, न पिळता, टॉवेलमधे गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सपाट पसरून वाळवायचा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबतो आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. जहाजावरच्या लाँड्रीत लोकरीचं काही देऊ नका. गरम पाण्यात आणि यंत्राच्या घुसळण्यात लोकर आटते आणि तिचा नमदा होतो.

एका माणसाला तीन-चार रात्रींसाठी एवढं पुरतं: पुढून उघडणारा एक पातळ लोकरी स्वेटर, एक घट्ट विणीची शाल, एक विंडचीटर, जाड सॉक्सचे दोन जोड, पूर्ण बाह्यांचा एक सुती बनियन किंवा टी-शर्ट रात्री झोपायला, एक मफलर. सगळं मिळून किलो-सव्वा किलो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जाणार असाल तरी सात किलोंच्या हातबॅगेत हे बसतं, आणि ते हातबॅगेतच हवं.

हे मी पुन्हा सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बंदरावर मोठी बॅग जहाजाच्या लोकांकडे द्यावी लागते. ती तुमच्या केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळही होते. तोवर तुम्ही काय करता? मुंबईच्या उकाड्यात रांगेत उभं राहून घामेजलेले, पातळ कपड्यांत, थेट गार दालनात शिरता, जेवता, सुरक्षेच्या कवायतीला जाता, पुन्हा बसता. घामाचं गणितही बघून ठेवा. भिजलेल्या सुती शर्टात दोनशे ग्रॅम पाणी सहज असतं. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे सगळा शर्ट वाळायला 480. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला 360 तयार करतं. ती उष्णता सगळीच अंगातून जात नाही, पण बरीचशी जाते. पहिल्या दिवशी हुडहुडी भरून दुसऱ्या दिवशी घसा बसलेली माणसं ह्यातूनच तयार होतात असं नाही, घशाला विषाणू लागतो. पण पहिला दिवस वाया जातो तो ह्याच्यामुळे. म्हणून हातबॅगेत स्वेटर आणि शालीबरोबर एक कोरडा बनियन, एक कोरडा सदरा ठेवा. आत शिरल्यावर पहिल्याच स्वच्छतागृहात ओला बदला, मग जेवायला जा. पोहून आलेल्या मुलांनाही हाच नियम. ओल्या चड्डीत बुफेच्या रांगेत उभी असलेली मुलं निळ्या ओठांनी आइस्क्रीम मागत असतात. आधी पुसा, बदला, मग द्या.

बेळगावाहून रातराणीने मुंबई गाठणार असाल तर हेच कपडे बसपासूनच कामाला येतात. निपाणी सुटली की एसी स्लीपरमधे काय होतं ते सांगायला नको. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना घाटातलं धुकं आणि खालचा उकाडा दोन-तीन तासांत दोन्ही भेटतात, तिथे पुढून उघडणारा स्वेटरच बरा पडतो.

पायताण. आपल्या अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपला कितीही प्रिय असल्या तरी जहाजावर रात्री त्या नकोत. पाय उघडे राहतात, अंगठ्यामुळे साधा सॉक्स घालता येत नाही, चामड्याचा तळ ओल्या डेकवर घसरतो आणि चामड्याला समुद्राचं खारं पाणी लागलं की ते कडक होतं. घालायच्याच असतील तर अंगठा वेगळा असलेले सॉक्स मिळतात, ते घ्या आणि दालनांतच वापरा. बाकी वेळ बंद बूट. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. पायांना गार-गरम नीट कळत नसेल तर ऊब सॉक्समधून मिळवावी, शेकायच्या गरम पिशवी-पट्ट्यांतून नाही.

विजेची गरम पिशवी, विजेचं पांघरूण, इस्त्री, किटली असं काही बॅगेत भरू नका. आगीच्या भीतीने जहाजांवर ह्या वस्तूंना मनाई असते आणि तपासणीत त्या काढून घेतल्या जातात. गरम पाणी जहाजावर मिळतं. घरचा स्टीलचा थर्मास आणि आल्याची वडी एवढं पुरतं.

केबिनमधली थंडी सर्वांत सोपी. भिंतीवर तापमानाचा खटका असतो, तो दोन अंश वर करा आणि परिणाम दिसायला अर्धा तास द्या. लोक पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून अजून फिरवतात. जास्तीचं पांघरूण केबिन सांभाळणाऱ्याकडे मागा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि पहिल्याच दिवशी मागितलं तर रात्री धावपळ होत नाही. छताच्या जाळीत टॉवेल कोंबू नका. जाळी आणखी गार होते, तिच्यावर पाणी धरतं आणि ते गादीवर गळतं. बाल्कनी असेल तर तिचं दार उघडं टाकून केबिन गरम करायचा विचारही तसाच फसतो. दमट हवा आत येते, गार भिंतींवर-फरशीवर पाणी धरतं, आणि काही जहाजांवर दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो.

बाहेर डेकवर रात्री वेगळा प्रकार. जहाज ताशी वीस नॉटने चाललं तर ते सदतीस किलोमीटर होतात. वारा पडलेला असला तरी तुमच्या तोंडावर तेवढा वारा येतोच. इथे स्वेटरपेक्षा विंडचीटर आणि कानाला मफलर. निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं म्हणतात ते खरं नाही, डोक्याचा वाटा साधारण दहा टक्के. पण कान आणि मान वाऱ्याला हळव्या, म्हणून मफलर. गार दालनातून एकदम डेकवर आलात तर चष्मा आणि मोबाइलची भिंग धुकटतात. पुसू नका, दोन मिनिटं थांबा, भिंग हवेइतकं गरम झालं की आपोआप निवळतं. आणि मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडे रक्त धावतं म्हणून तोंड गरम लागतं, पण तीच उष्णता बाहेर निघून जाते.

वडीलधाऱ्यांना थंडी वाजतेय हे ते स्वतःहून सांगत नाहीत. मुला-सुनेने एवढा खर्च केलाय, आता तक्रार कशाला, असा विचार करून आजी-आजोबा हात मांड्यांखाली घेऊन दोन तास बसून राहतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात, शरीर तयार करते ती उष्णताही कमी. त्यांना विचारू नका, त्यांचे हात धरून बघा. बोटं गार असतील तर शाल पायांवर टाका आणि मधे दहा मिनिटं त्यांना घेऊन दालनाबाहेर चालून या. चालण्याने जी ऊब येते ती कुठल्याच लोकरीतून येत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रातोरात नेल्या जातात. सकाळी आपला क्रमांक पुकारेपर्यंत पुन्हा थिएटरात किंवा बसायच्या दालनात थांबायचं असतं, तासभर तरी. स्वेटर त्या मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका. सकाळी घालायच्या कपड्यांबरोबर खुर्चीवर ठेवा.

आणि घरी आल्यावर तो तसाच ट्रंकेत टाकू नका. कसर आधी लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर. बुफेतल्या कालवणाचा एखादा थेंब बाहीवर असतोच. तो बघून, धुऊन, दोन उन्हं दाखवून मगच घडी घाला.